तांदूळ निघाले, मालकाला दाखवलं

शहादा, २५ मार्च

नाना,

फोन केला की तुम्ही "थांब, तुन्ही मायले देस" एवढं म्हणून फोन मायच्या हातात कोंबता. साडेसहा वर्षं हेच चाललंय. म्हणून आज कागदावर लिहितेय. मायला वाचता येत नाही, तेव्हा हा तिच्या हातात कोंबून उपयोग नाही. चष्मा शोधा आणि स्वतः वाचा.

दुपारी वाहरूभाऊ माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आला. खताच्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, "कोनाचं आहे ते सांगायचं नाही, असं अध्यक्षांनी सांगितलंय." अहो नाना! गोणीवर आपल्या उपसा सिंचन संस्थेचा शिक्का, आणणारा आपल्या पंपघराचा ऑपरेटर, आणि लॅपटॉपच्या झाकणावर मी कॉलेजात असताना चिकटवलेला मोर. त्याचा पिसारा निम्मा निघालाय, पण मोर तोच आहे. मला हसू आवरेना. वाहरूभाऊही हसला बिचारा.

त्यानं मग सगळं सांगितलं. पाडव्याला मशीनची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर नुसतं टीं-टीं-टीं. तुम्ही ते नंदुरबारला एका दुकानात पाठवलंत. तिथल्या माणसानं आतला घड्याळाचा छोटा सेल काढून परत घातला, बटणं आपटली, तर टीं-टीं थोडं थांबलं, पण निळा पडदा यायला लागला. पडदा येतो, मशीन बंद होतं, परत चालू, परत पडदा. तो म्हणाला, विंडोज उडालं, फॉरमॅट मारावं लागेल. तुम्ही मारू दिलं नाहीत. ही एक गोष्ट चांगली केलीत, हे मी खुल्या मनानं सांगते. फॉरमॅट मारलं असतं तर पंपघरातल्या पॅनलचा प्रोग्रॅम कायमचा गेला असता. ती कंपनी बुडाली, तिची सीडी कोणाकडे नाही, आणि तो प्रोग्रॅम ह्या जुन्या विंडोजखेरीज कशावरच चालत नाही.

आणि तो प्रोग्रॅम नसेल तर कोणत्या फाट्याला कधी पाणी, ही उन्हाळ्याची बारी पॅनलला सांगणार कोण? वाहरूभाऊ सध्या मोटरसायकलवर पाइपलाइनचे सातही फाटे फिरून हातानं व्हॉल्व्ह उघडतोय म्हणे. एकट्या माणसाचे हात ते किती पुरणार? पाचव्या फाट्यापर्यंत पाणी जातं. सहा आणि सातवरच्या केळीची पानं आत्ताच फाटायला लागलीत. एप्रिल तर अजून लागायचाय.

काम मी करते. पण लपूनछपून नाही. माझ्या दुकानात पावतीवर गिऱ्हाइकाचं नाव लिहिल्याशिवाय मशीन आत जात नाही. तेव्हा मी लिहिलंय, चुनीलाल पाटील, अध्यक्ष. वस्तू कशी मिळाली ह्या रकान्यात लिहिलंय, गोणीत.

मयूरी


शहादा, २८ मार्च

नाना,

उत्तर पाठवलं नाहीत. ठीक आहे. पण चिठ्ठी वाचून झाल्यावर तुम्ही ती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलीत, असं वाहरूभाऊ सांगतो.

आता मशीनचं सांगते. आम्ही दुरुस्तीवाले आधी स्क्रू काढत नाही. आधी ऐकतो. टीं-टीं ऐकल्याबरोबर मला कळलं की कुठलं तरी बटण दाबलेलंच राहिलंय. चालू होताना मशीनला वाटतं कोणीतरी बोट ठेवून बसलंय, म्हणून ते ओरडत राहतं. मी कीबोर्ड वर उचलला. वरच्या रांगेतल्या एका बटणाखाली अक्षतांचे चार दाणे. कुंकवानं लाल झालेले. त्यांना धरून नारळाच्या पाण्याचा चिकटा, आणि झेंडूची एक पाकळी, सुकून कागद झालेली.

फोटो काढलाय. दाणे पुडीत बांधून ठेवलेत.

नाना, आता मला दसऱ्याची गोष्ट काढावीच लागणार. तुम्हाला नको असेल तर इथून पुढे वाचू नका. पण तुम्ही वाचाल, मला माहीत आहे.

त्या दसऱ्याला मी बाजूला होते. दुसरा दिवस. मागच्या खोलीत बसले होते, मायनं ताट सरकवून दिलं होतं. पूजा झाली आणि पंपघरात पॅनल अडकलं. तुम्ही स्वतः मागच्या दाराशी आलात. "मयू, लवकर चाल, पॅनल बंद पडनं, मानसं उभी शेतस." बाकी कोणाला ते मशीन चालवता कुठे येत होतं? मी मायकडे बघितलं, मायनं खाली बघितलं. आणि मी आले. ओल्या कुंकवातच बटणं दाबली, पाणी सुरू केलं, तुम्ही चारचौघांत माझी पाठ थोपटलीत. ती थाप मला अजून आठवते, काय करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन टीं-टीं करायला लागलं. आणि जसोदाकाकूंनी सगळीकडे सांगितलं की पोर बाहेरची असताना पंपघरात गेली होती. झालं! संध्याकाळच्या मीटिंगमध्ये अकरा पुरुषांसमोर तुम्ही मला उभं केलंत. "तुनी हात लाया, म्हनिसन बंद पडनं." बोलावलं कोणी होतं, हे तुम्ही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मला वाटलं, घरी गेल्यावर तरी तुम्ही म्हणाल. घरी गेल्यावर तुम्ही म्हणालात, ह्या घरात राहायचं तर पंपघराची पायरी चढायची नाही.

मग मी घराचीच पायरी उतरले.

आज चार दाणे माझ्या टेबलावर आहेत. तेव्हाही हेच झालं असणार, मी पैजेवर सांगते. पण तेव्हा मला मशीन उघडता येत नव्हतं. आता येतं.

अजून निळा पडदा बाकी आहे. तो तांदळांचा नाही, नंदुरबारच्या त्या शहाण्याचा आहे. आत उतरावं लागेल.

मयूरी


शहादा, २९ मार्च, दुपार

नाना,

मी आत उतरले.

तो सेल मेलेलाच होता, म्हणून बदलायला खालचं झाकण पूर्ण काढलं. आमच्या धंद्यात एक रीत आहे. जो कोणी मशीन उघडतो तो झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहितो, काय निघालं ते लिहितो, आणि सही करतो. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या मेकॅनिकसाठी असतं ते. मी पण लिहिते.

आपल्या मशीनच्या झाकणात निळ्या शाईनं लिहिलंय. गुजराती आहे, पण वाचता येतं.

"१४-१०-१९. चोखा नीकळ्या. कंकु. की-बोर्ड नवो नाख्यो. मालिकने बताव्युं. धीरज, सुरत."

तांदूळ निघाले. कुंकू. कीबोर्ड नवा घातला. मालकाला दाखवलं.

मालकाला दाखवलं, नाना!

मी ते पाच वेळा वाचलं. मग दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिले. एक गिऱ्हाईक वाकून विचारायला लागलं, ताई, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, बरी आहे, डोळ्यात सोल्डरचा धूर गेलाय. सोल्डरिंग गन बंदच होती.

दसरा आठ तारखेला होता. चौदाला सुरतेच्या माणसानं तुमच्या तळहातावर ते दाणे ठेवले असणार. मी तेव्हा शहाद्याला मावशीकडे होते, वीस किलोमीटरवर. एस.टी.नं पाऊण तास. तुम्हाला येऊन एवढंच म्हणायचं होतं, "चाल घर, तांदूय व्हतात." तुम्ही ते दाणे काय केले? तापीत सोडले? खिशात ठेवले? की कोंबड्यांना टाकले?

मला वाटायचं तुम्हाला माहीत नाही. साडेसहा वर्षं मी तुमच्या बाजूनं स्वतःला समजावत होते. माझे वडील जुने आहेत, गावात चार माणसांचं ऐकावं लागतं, त्यांना मशीनमधलं काय कळतं, म्हणून तसं बोलून गेले. आखाजीच्या सणाला रस्त्यानं जाणाऱ्या जीपमधून बायका माहेरी निघालेल्या दिसल्या की मी दुकानात रेडिओ मोठा लावायचे, आणि तरी तुमच्यावर खापर फोडायचं नाही असं ठरवायचे. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं.

आज मशीनला हात लावत नाही. रागात स्क्रू फिरवला तर आटे जातात.

मयूरी


शहादा, १ एप्रिल

नाना,

मशीन चालू झालं. हे पत्र आणि मशीन, दोन्ही वाहरूभाऊबरोबर एकत्रच येतंय.

निळ्या पडद्याचं असं होतं. सेल काढल्यावर मशीन आपल्या सगळ्या सवयी विसरतं आणि कारखान्यातून निघालं तसं वागायला लागतं. डिस्क वाचायची एक जुनी पद्धत आहे आणि एक नवी. आपल्या जुन्या विंडोजला नवी कळत नाही, ते घाबरून निळं पडतं. आत जाऊन एका ओळीत जुनी पद्धत लावून दिली, दोन मिनिटांचं काम. फॉरमॅट मारणार होता म्हणे! घड्याळही २००७ सालात जाऊन बसलं होतं, त्याला ह्या वर्षात आणलं. डिस्कची अख्खी कॉपी काढून ठेवली. कीबोर्ड अल्कोहोलनं धुतला.

मग विंडोज सुरू झालं आणि नाव विचारायची पाटी आली. त्यावर माझंच नाव. मयूरी. तुम्ही बदललंच नाही. पासवर्डही तोच, मी कॉलेजात ठेवलेला, मयूरी आणि माझं जन्मसाल. वाहरूभाऊला विचारलं, तर म्हणाला, "बटनं तर अध्यक्षच दाबतात, मी फक्त व्हॉल्व्ह बघतो." म्हणजे साडेसहा वर्षं रोज सकाळी तुम्ही एका बोटानं माझं नाव आणि माझं जन्मसाल टाकत होता, तेव्हा कुठे गावाला पाणी मिळत होतं. आणि त्याच गावात मला पंपघराची पायरी बंद!

तुम्हाला वाटलं असेल, आता ही मशीन अडवून बसेल. धाकट्या भावेशनं तर काल फोनवर विचारलंच, "ताई, तू काही अट घालणार आहेस का?" मी त्याला म्हटलं, सातव्या फाट्यावरच्या केळीनं माझं काय वाकडं केलंय? मशीन जातंय. आज संध्याकाळी पॅनलला जोडा, उद्या सकाळी सातव्या फाट्याला पाणी पोचलं पाहिजे. कसं जोडायचं ते वाहरूभाऊला दोनदा दाखवलंय. आता माणसं म्हणतील की देवाची कृपा झाली. म्हणू देत.

पण मशीनची अट नाही म्हणजे माझी अट नाही, असं समजू नका.

रोज सकाळी साडेसहाला तुम्ही पंपघराच्या भोंग्यावर बारी सांगता. आज अमुक फाट्याला, उद्या तमुक. सगळं गाव त्या वेळी कान देऊन ऐकतं, शेण काढणारी बाईसुद्धा थांबते. त्याच भोंग्यावर, बारीच्या नंतर, तुम्ही तीन गोष्टी सांगायच्या. मशीन मयूरीनं दुरुस्त केलं. त्या दसऱ्याला तिच्यामुळे बंद पडलं नव्हतं, तांदळामुळे पडलं होतं. आणि हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं.

अकरा माणसांसमोर मला उभं केलंत. आता अख्ख्या गावासमोर तुम्ही बसल्या जागी बोला, उभंही राहू नका, तुमचा गुडघा दुखतो.

झाकणाच्या आत, धीरजच्या ओळीखाली, मी माझी ओळ लिहिलीय. वाचायची असेल तर सात स्क्रू काढावे लागतील.

मयूरी

ता.क. पूजा करा. मी काही नको म्हणत नाही. पण झाकण बंद करून करा, आणि अक्षता समोरच्या पाटावर वाहा. देवाला तेवढं कळतं.


शहादा, १७ एप्रिल

नाना,

सातव्या फाट्याला पाणी पोचल्याचं वाहरूभाऊनं दोन तारखेलाच कळवलं. भोंग्याला मात्र तुम्ही अकरा दिवस घेतलेत.

बारा तारखेला सकाळी मायचा फोन आला. तिनं नुसता फोन खिडकीबाहेर धरला. आधी तुमचं नेहमीचं खाकरणं. मग, "आज तीन नंबर आनि सात नंबरना फाटाले पानी शे." मग इतका वेळ शांतता, की मला वाटलं लाईट गेली. आणि मग तुमचा आवाज. "लॅपटॉप मन्ही पोर मयूरीनी नीट करा. त्या दसराले बी तिन्ही चूक नही व्हती. तांदूय व्हतात." भोंगा बंद. पलीकडे माय रडत होती. मीही रडले, सांगून टाकते, सोल्डरचा धूर वगैरे काही नाही.

चार वाजेपर्यंत आनंदात होते. तीन गिऱ्हाइकांना फुकट चहा पाजला. मग बोटावर मोजलं. तिसरी गोष्ट तुम्ही गिळलीत, नाना. "माले मालूम व्हतं" हे तीन शब्द. भोंग्याची वायर तुटली नव्हती, मी वाहरूभाऊला विचारून खात्री केली.

तरी पण दोन बोललात. तुमच्यासारख्या माणसाला दोन म्हणजे काय, हे मला कळतं. म्हणून भावेश म्हणाला, "नाना आखाजीला तुझ्यासाठी जीप पाठवताहेत," तेव्हा मी नाही म्हटलं नाही. सुरतेच्या भंगारातून मी आपल्याच मशीनच्या जोडीचं एक मशीन मिळवलंय, तोच नमुना. त्यात डिस्कची कॉपी घातलीय. एक बंद पडलं तर दुसरं तयार, परत कोणाला मोटरसायकलवर सात फाटे पळायला नको. ते एकदा पॅनलला जोडून बघायला मला पंपघरात यावंच लागणार आहे. मी नवी साडी काढून ठेवली. बांगड्या पण घेतल्या, कशाला लपवू? झोका अजून त्याच लिंबाला बांधतात का, तेही विचारणार होते.

आणि आज सकाळी मायचा फोन. एकदम हळू आवाजात. "पोरी, तारीख काय शे तुन्ही? घागर भरनी शे, पूजा शे... नाना विचारी ऱ्हायनात." मागे तुमचं खाकरणं ऐकू आलं.

नाना विचारी ऱ्हायनात!

भोंग्यावर तांदूळ म्हणालात, आणि घरात अजून तारीख विचारताय? मग त्या तांदळांचा उपयोग काय झाला? मला वाटलं होतं की फक्त माझ्यावरचा आळ निघाला म्हणजे झालं. तसं नाही. ज्या गोष्टीवरून आळ आला ती तुमच्या घरात जागच्या जागी आहे.

तर ऐका, मी लपवणार नाही. मायला खोटं बोलायला लावणार नाही, त्या दसऱ्याला तिनं खाली बघितलं तसं परत बघायला लावणार नाही. आज माझा पहिला दिवस आहे. परवा आखाजी, म्हणजे तिसरा. आणि मी येणार आहे.

घागरीला मी हात लावणार नाही. ती मायची पूजा आहे, तिच्या मनाला लागेल, तिच्याशी मी नंतर निवांत बोलेन. पण पंपघर देवघर नाही. तिथे मोटर आहे, पॅनल आहे आणि माझं नाव घातल्याशिवाय न उघडणारं मशीन आहे. जीप नऊ वाजता पाठवा. नाही पाठवलीत तर एस.टी. आहे, वेळ मला पाठ आहे. मी मागच्या दारानं येणार नाही. सरळ पंपघराच्या पायऱ्या चढेन, नवं मशीन टेबलावर ठेवेन, आणि ह्याच हातांनी चालू करेन. अकरा जणांना बोलवा. जसोदाकाकूंना पण बोलवा, त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवा.

चालू झालं, तर भोंग्याचा माईक हातात घ्या आणि कोणी चालू केलं ते सांगा, तिचा कितवा दिवस होता ते सांगा, आणि ती राहिलेली तिसरी गोष्टही त्यातच सांगून टाका.

आणि बंद पडलं, तर मी घाबरून खाली बघणार नाही, नाना. स्क्रू ड्रायव्हर आणतेय. तिथेच, त्याच टेबलावर मशीन उघडीन आणि आतून काय निघालं ते सगळ्यांना दाखवीन. एकट्या मालकाला नाही.

मयूरी